कडप्प्यावरची तबकडी

उद्यमनगर, कोल्हापूर
ता. १७ फेब्रुवारी १९७६

चि. सौ. बनू, थोरल्या भावाचा आशीर्वाद.

आम्ही सगळे बरे. म्हैस व्याली, रेडी झाली. वहिनीचा गुडघा अजून दुखतोच. हे पत्र तिसऱ्यांदा लिहितोय. आधीची दोन चुलीत गेली.

दोन वर्षं तुझ्याशी बोललो नाही, पण तुझ्या अभंगाची तबकडी रोज लावतो. रेकॉर्ड प्लेअरची थाळी पातळ पत्र्याची होती, टिचकी मारली की टणकन वाजायची. म्हटलं, हीच तुझ्या आवाजात मिसळत असणार. फाउंड्रीत बिडाची, म्हणजे ओतीव लोखंडाची जाड थाळी ओतली, लेथवर साफ केली. बीड मुकं असतं. टणटण गेली. मग खालच्या प्लायवुडमधून मोटारीची घरघर सुईपर्यंत पोचायची. सागवानी खोकं केलं, घरघर निम्मी झाली. शेवटी खोक्याखाली कडप्प्याची फरशी घातली, तेव्हा पुरती थांबली.

तरी तुझा आवाज मला कापूस कोंबल्यासारखाच. जेवण गोड लागेना. फरशी काढ, परत घाल, हेच चाललेलं.

परवा वहिनी दारात उभी राहिली. "वन्सं इथंच बसून गात्यात की! आन् टाळ केवढं खणखणीत!"

"कुठलं टाळ?" मी विचारलं.

ती म्हणाली, "आवो, पहिल्यापासनं वाजत्यात न्हवं!"

डॉक्टरांकडं गेलतो. कानाला यंत्र लावून शिट्ट्या ऐकवल्या. बारीक शिट्ट्या मला आल्याच नाहीत. "काम काय करता?" म्हणाले. म्हटलं, एकोणीस वर्षं ओतीव मालाची कड छिन्नी-हातोड्यानं काढतोय. त्या रोजच्या दणक्यानंच कान गेलेत, म्हणाले. गेलेलं परत येत नाही म्हणे.

बनू, दोन वर्षांमागं तुझ्या सासरी, सोप्यात, तू गायलीस तेव्हा भरल्या माणसांत मी म्हणालो होतो, "तुझा आवाज गेला गं." त्यानंतर रेडिओचं बोलावणं आलं, तरी तू गेली नाहीस. तुझ्या मालकांनी, बाळासो पाहुण्यांनीच पत्रानं कळवलं. ते वाचल्यापासून मी थाळ्या बदलत होतो. माझा कान नव्हे, कुठलंतरी लाकूड, कुठलंतरी लोखंड चुकीचं निघावं, एवढंच हवं होतं मला.

रविवारी सकाळच्या एस.टी.नं इचलकरंजीला येतोय. तुझी सासू, दीर, शेजारपाजार, तेव्हा होते तेवढे सगळे बोलावून ठेव. त्यांच्यासमोर सांगणार हाय, आवाज बनूचा न्हाई, कान हंबीररावचं गेलेत. मग तू घरात घे, न्हाईतर उंबऱ्यावरनं परत पाठव.

तुझा चुकलेला दादा,
हंबीरराव