आरशातलं आकाश

सबाह अल-सालेम, कुवेत
रविवार, १५ फेब्रुवारी २०२६

प्रिय आलोक,

आई-बाबांना माझा नमस्कार सांग. बाबांचा गुडघा आता किती अंशांपर्यंत वाकतो, हे फिजिओथेरपिस्टला विचारून कळव. "बराच वाकतो" हे आईंचं उत्तर मला पुरत नाही. मी बरी आहे. अहमदीचं काम नेहमीसारखं चालू आहे. लोकांची दाब मोजायची गेजं खरं दाखवतात की नाही ते तपासते, आणि संध्याकाळी घरी येते.

पत्र बघून तुला नवल वाटेल. फोनवर आपण तब्येती विचारून होताच गप्प होतो, म्हणून लिहिते आहे. रफीकच्या लुबनाचा भाऊ अरबाज परवा मुंबईला निघालाय. तो तिथून साताऱ्याला कुरिअर करेल.

तू दोनदा विचारलंस, गाडीचं काय झालं. गाडी अजून विकली गेलेली नाही. तू माझ्या नावाने करून दिलेलं मुखत्यारपत्र, ती वकाला, आणि गाडीचं नोंदणीचं दफ्तर दोन्ही कपाटात आहेत, त्यामुळे कागदपत्रांची काही अडचण नाही. जहराहून एक गृहस्थ पिकअप बघायला आले होते. मी त्यांना मागच्या ब्रेकचा आवाज, गिअरबॉक्सची गळती, चेसिसवरचा गंज आणि थंडीत इंजिन पहिल्या झटक्यात सुरू होत नाही, हे सगळं सांगितलं. गंज कुठे आहे ते टॉर्च लावून दाखवलं. ते म्हणाले, विचार करून सांगतो. मी त्यांना एकही गोष्ट खोटी सांगितली नाही.

या शुक्रवार-शनिवारी मी तीच गाडी घेऊन वाळवंटात गेले होते.

रमजान तोंडावर आलाय, म्हणून रफीक म्हणाला, या मोसमातली ही शेवटचीच फेरी. गुरुवारी मी ब्रेकचे पॅड घ्यायला त्याच्या शुवैखच्या दुकानात गेले होते, तेव्हा पॅड काउंटरवर ठेवून तो म्हणाला, "विकायच्या गाडीला नवीन पॅड कशाला, वैनी?" मी पैसे मोजून ठेवले. मग तोच म्हणाला, "चला आमच्याबरोबर. आलोकभाई नाय तर नाय, त्याची गाडी तरी येऊ दे."

तीन गाड्या होत्या. पुढे रफीक आणि लुबना, मधे मी एकटी, आणि मागे सुदेश आणि विजया त्यांच्या त्या चकचकीत गाडीत. सुदेशने ती अजून बँकेच्या पार्किंगपलीकडे फारशी नेलेली नव्हती. डांबरी रस्ता संपला तिथे आम्ही चाकांतली हवा काढली. मी माझं गेज नेलं होतं, चारही चाकं अठरा पीएसआयवर आणली. सुदेश म्हणाला, "अंतरा, तू वाळूला पण सर्टिफिकेट देशील." विजया त्याला म्हणाली, "तुम्ही आधी वॉकीटॉकी चार्ज केलाय का ते बघा." त्याने "हो" म्हटलं.

तुला हे सगळं माहीत आहे. मला नव्हतं. तू दर थंडीत बोलवायचास आणि मी शिफ्टचं वेळापत्रक दाखवायचे.

हवा काढलेल्या चाकांवर गाडी वेगळीच होते. खडखड थांबते. स्टिअरिंग हातात उशिराने उत्तर देतं, जणू झोपेतून. उंचवटा येतो तो दिसत नाही, पोटात कळतो. पाऊस बरा झालाय, त्यामुळे काही भागांत वाळूवर हिरवट साय धरल्यासारखी दिसत होती, आणि तिच्यात बोटाच्या पेराएवढी पिवळी फुलं. मी खिडकी उघडी ठेवली होती. एका ठिकाणी उंटांचा कळप आडवा गेला. आम्ही सगळे थांबलो. त्यांच्या पावलांचा आवाज येत नव्हता. शेवटच्या उंटाने माझ्या बॉनेटकडे वाकून पाहिलं, ओळखीचं असावं तसं. त्याने तुझी गाडी ओळखली, असं मला क्षणभर वाटलं. हे शास्त्रीय नाही, मला माहीत आहे.

संध्याकाळी तंबू लावले. लुबनाने तांदळाच्या भाकऱ्या आणि सुक्या जवळ्याची चटणी आणली होती. सगळे तुझ्या गोष्टी सांगत होते. तू एकदा तंबूचे खांबच घरी विसरला होतास आणि पिकअपच्या हौद्यात ताडपत्री पांघरून झोपलास, हे मला पहिल्यांदा कळलं. त्या दिवशी घरी येऊन तू फक्त "मजा आली" म्हणाला होतास. मीही पुढे काही विचारलं नसणार.

शनिवारी सकाळी धुकं होतं. पांढरं आणि इतकं दाट, की रफीकच्या गाडीचे लाल दिवे तेवढे तरंगताना दिसत होते. त्याने निघण्याआधी सगळ्यांना नियम पुन्हा सांगितला. आपल्या मागच्या गाडीवर लक्ष ठेवायचं. ती दिसेनाशी झाली की थांबायचं. वळून शोधायला जायचं नाही, कारण शोधणारा पण हरवतो, आणि जुन्या चाकोरीबाहेर युद्धातलं काय पुरलेलं असेल याचा भरवसा नाही. जागेवर दिवे लावायचे, हॉर्न द्यायचा आणि वाट बघायची. "मागचा माणूस आपला," तो म्हणाला. "पुढच्याची काळजी नको. तो तुमच्यासाठी थांबणारच हाय."

आम्ही बराच वेळ चालवत होतो. किती ते मी पाहिलं नाही, आणि हे माझ्याकडून क्वचितच होतं. वर-खाली, वर-खाली, सगळीकडे दूध. गाडी उभी आहे आणि वाळूच खालून वाहते आहे, असं वाटत होतं. कुणी विचारलं असतं तर मी म्हणाले असते की मला बरं वाटतंय.

वॉकीटॉकीवर रफीकचा आवाज आला. "वैनी, सुदेश हाय ना मागे?"

मी आरशात पाहिलं आणि म्हणाले, "आहे."

आलोक, आरशात फक्त पांढरं होतं. मी ते धुकं समजले, आणि धुक्यात सुदेश असणारच असं धरून चालले. मग पुन्हा पाहिलं. दुसऱ्या बाजूच्या आरशातही पांढरंच, पण वाळू कुठेच नाही, माझ्याच गाडीच्या चाकांच्या खुणाही नाहीत. ते आकाश होतं.

मी गाडी उभी केली आणि रफीकला खरं सांगितलं. तो पायी आला. माझ्या खिडकीशी वाकून त्याने आधी आरसा पाहिला, मग मला, मग सीट.

"हा आरसा आलोकभाईच्या उंचीचा हाय."

"हो."

"सीट पण मागेच? उशी लावून चालवताय?"

"क्लचपर्यंत पाय पोचतो," मी म्हणाले.

"वैनी, तुमी ही गाडी चालवताय का सांभाळून ठेवलीय?"

सप्टेंबरपासून मी दर शुक्रवारी बॅटरी उतरू नये म्हणून गाडी गल्लीतून फिरवते. दर वेळी त्या आरशांत मला आकाश दिसतं. आतला आरसा या वेळी तंबूंच्या सामानाने झाकलेला होता. आरसा हाताने फिरवायचा असतो, त्याला कोणतंही अवजार लागत नाही. मी दिवसभर दुसऱ्यांची उपकरणं बरोबर करते. हा मी केला नाही. त्याला शेवटचा हात तुझा लागला होता.

आम्ही दिवे लावले. रफीक हॉर्न द्यायचा, मग मी द्यायचे, मग दोघं कान देऊन ऐकायचो. सुदेशचा वॉकीटॉकी मुका होता. लुबना ओठांतल्या ओठांत दुवा पुटपुटत होती. मी हौद्यावर चढले आणि आम्ही आलो होतो त्या दिशेला बघत राहिले. तिथे काहीच नव्हतं, आणि ते काहीच नसणं हळूहळू उजळत होतं.

विमानतळावर तू मला विचारलं होतंस, "मी मागे राहिलो तर तुला कळेल तरी का?" आणि मी म्हणाले होते, "हो, लोकेशन शेअर केलेलं आहे." तू हसलास. तुला ते उत्तर पटलं, असं मी समजले. हौद्यावर उभी असताना मला तुझं ते हसणं दिसलं. ते पटल्याचं नव्हतं.

मग खूप खालून, जमिनीच्या पोटातून आल्यासारखा, एक बारीक हॉर्न आला. नंतर पिवळा डाग. त्याचे दोन झाले. गाडी विजया चालवत होती. सुदेश शेजारी बसून डोकं पुसत होता. ती उतरता उतरता म्हणाली, "रुतलो होतो. हे नुसती रेस देत बसले, चाकं आणखी खाली. म्हटलं उतरा, आणखी हवा काढा, आणि मला बसू द्या."

"मी गाईड करत होतो," सुदेश म्हणाला.

"वॉकीटॉकीवरून का?" लुबनाने विचारलं, आणि सगळे इतके हसले की मला हौद्यातच बसावं लागलं. मी हसत होते की काय, हे तिथे कुणी तपासलं नाही.

परतताना रफीकने मला आरसे लावायला लावले. सीट पुढे घेतली, उशी काढली. मग आधी आकाश सरकलं, मग धुक्याची कड, मग वाळू आली, चाकांच्या दोन खुणा आल्या, आणि त्यांच्या टोकाला विजयाचे दिवे. डांबरी रस्त्यापर्यंत मी ते दिवे एकदाही नजरेआड होऊ दिले नाहीत.

आता कामाचं. बाबांच्या गुडघ्यासाठी घेतलेली तुझी बिनपगारी रजा मार्चच्या मध्यात संपते. त्याच सुमारास तुला देशाबाहेर सहा महिने होतात. तोपर्यंत तू आला नाहीस तर इकामा, इथला राहण्याचा परवाना, जाईल, आणि मग तुला परत आणायला माझ्याकडे कोणताही कागद नसेल. तू "गाडी विक" म्हणतोस तेव्हा खरं काय विकायला सांगतोस, हे मला पहिल्यापासून कळत होतं. जहराच्या गृहस्थांनी काल पुन्हा फोन केला. गंजासकट घ्यायला तयार आहेत. मी त्यांना सांगितलं, गाडी विकायची नाही. हे मी तुला न विचारता केलं. तुला यायचं नसेल तर तसं स्पष्ट लिही. मग वकाला कपाटात आहेच, आणि मी ती वापरेन.

आरसे आता माझ्या उंचीचे आहेत. तुला आल्यावर ते पुन्हा फिरवावे लागतील. फिरव. मी परत माझे लावून घेईन. एका गाडीत दोघांनी असंच करायचं असतं, असं लुबना म्हणते. आम्ही दोघांनी ते कधी करून पाहिलं नाही, असं मी तिला सांगितलं.

नवे ब्रेक पॅड बसवले आहेत. आवाज गेला.

दिवे लावून थांबलेली,
अंतरा