चाळीस झाडं, न विचारता

३ नोव्हेंबर २००३, मुरबाड
आलो एकदाचा! कल्याणच्या कॉलेजात सरांच्या टेबलावर जर्नल आपटून बाहेर पडलो, तो थेट जगनदादांच्या कॉम्प्युटर क्लासात शिकवायला. पोटमाळ्यावर खोली, खाली सात मशीन. दुपारच्या बॅचला वैशाखरे गावची रुपा. मला 'सर' म्हणायला तिने पहिल्याच दिवशी साफ नकार दिला. मी कामातून गेलो.

७ नोव्हेंबर
तिच्यासाठी गेम बनवतोय: तिचंच गाव. ती सांगते, मी काढतो. घरं, बांध, गावदेवीची राई. तिची बाहुली त्यात फिरते, पण पावलागणिक अडकते. 'माजी भावली लंगडी केलीस का रे?' म्हणाली. अख्खी बॅच हसली. डोकं फिरलं. पुढच्या महिन्यात तिला बघायला पाहुणे येणार आहेत. त्याआधी हा गेम पळायलाच हवा.

१० नोव्हेंबर
सापडलं! राईतलं पान न् पान मशीन सारखं नव्याने रंगवत बसतं. चाळीस झाडं उडवली. गेम सुसाट सुटला. रुपाने मात्र माऊस सोडला. त्यांच्याकडे राईतली वाळकी काटकीसुद्धा देवीला विचारल्याशिवाय उचलत नाहीत. इचारलंस का, म्हणाली. मी ओरडलो, कॉम्प्युटरची झाडं आहेत ती!

१३ नोव्हेंबर
थोडा अडकत होताच. नवी युक्ती केली: खेळणाऱ्याच्या नजरेसमोर असेल तेवढंच काढायचं, बाकी पुसायचं, नजर वळली की पुन्हा काढायचं. लोण्यासारखा चालतो! रुपाला दाखवणार, तर ती रडतच आली. गावातल्या खऱ्या राईतली चाळीस झाडं गेलीत. बुंधेसुद्धा नाहीत. तिची आत्या बाईजा म्हणते, तिथे झाडं नव्हतीच कधी.

१४ नोव्हेंबर
जुनी फाइल परत टाकली. झाडं त्यातही नाहीत.
दुपारी फळ्याकडे वळलो. मागे बघतो तर रुपाची खुर्ची रिकामी. बघत राहिलो — मग दिसली. मधलं तिला काही आठवत नाही.

१५ नोव्हेंबर
जगनदादा विचारतात, कोण रुपा? रजिस्टरात नाव नाही. बाईजाने तिला दारातूनच हाकललं, कोण गो तू म्हणून. माझी पापणी लवली की रुपा जाते. दर वेळी परतायला जास्त वेळ लागतो.

दुपार, राईत
नजर रुपावरच, वहीकडे न बघता लिहितोय. ती होती हे कुठेतरी लिहिलेलं राहावं — होती नाही, आहे. देवीपुढे तांदूळ ठेवले. माफी मागायची तर डोळे मिटावे लागतात, उघड्या डोळ्यांचं देवी ऐकत नाय, म्हणते रुपा. मी नाही मिटणार. ती म्हणते, मी हात धरलाय ना. धरलाय. तळव्याला घाम आहे तिच्या. डोळे जळतात — मिट रे, म्हणते — हात आहे — मिटतो — हात आ