पामीरखाली लिहिलेलं नाव

सर,

आज आठवीच्या वर्गात पामीर शिकवत होते. तुम्ही शिकवायचात तसंच, आधी शब्द आणि मग नकाशा. फळ्यावर 'पामीर' लिहिलं आणि ठणकावून सांगितलं, हा शब्द फारसी 'पा-ए-मिहर'वरून आला, त्याचा अर्थ सूर्याचे पाय. वर्ग खूश झाला. तिसऱ्या बाकावरची एक मुलगी मात्र उभी राहिली. "मॅडम, ते पक्कं नाही म्हणे. नुसता अंदाज आहे." सर, तुमच्या हाताखाली शिकलेली मी, पण मला चक्क राग आला. "खाली बस," म्हटलं. मधल्या सुटीत कोश काढून पाहिला तर पोरीचंच खरं. विद्वानांचं एकमत नाहीच. हे मला पूर्वी माहीत होतं. दरवर्षी तोच धडा घोकून घोकून माझ्या वाक्यातलं 'कदाचित' कधी गळून पडलं ते कळलंच नाही.

मग तुमची आठवण येणारच. सदर भागातली आपली शाळा, खिशापर्यंत खडूनं माखलेला तुमचा शर्ट, आणि दाराजवळचा तो छोटा फळा. सरांची चूक जो शोधेल त्याचं नाव त्या फळ्यावर आठ दिवस राहणार, हा तुमचा नियम. चूक सापडली की तुम्ही वर्गासमोर उभे राहून म्हणायचात, "चुकलो गा मी." आम्ही पोरं तुम्हाला पकडायला इतकी टपलेली असायचो की धडा आधीच घरून वाचून यायचो. तो तुमचा कावा होता हे मी स्वतः मास्तरीण झाल्यावर माझ्या ध्यानात आलं.

तुम्ही आम्हाला सांगितलं होतं, पामीर या शब्दाचा अर्थच मुळी 'जगाचे छप्पर'. आमच्या घराला टिनाचं छप्पर. मे महिन्यात त्याखाली बसवत नसे. एवढ्या उंचावरचं, सूर्याच्या इतक्या जवळचं छप्पर किती तापत असेल, याची मला खरोखर काळजी वाटली होती. आणि चारच दिवसांनी मी उठून तुम्हाला सांगते, सर, जगाचे छप्पर हे वेगळं नाव आहे, फारसीत त्याला बाम-ए-दुनिया म्हणतात. पामीर हा तिकडच्या लोकांचा साधा शब्द आहे. डोंगरांच्या मधोमध, खूप उंचावर जी रुंद, गवताळ, सपाट जागा असते, जिथं उन्हाळ्यात जनावरं चरायला नेतात, तिला पामीर म्हणतात. असे पामीर एक नाही, पुष्कळ आहेत. शब्द आला कुठून ते नक्की कोणाला माहीत नाही, सूर्याचे पाय असं काही जण म्हणतात.

तुम्ही माझ्याकडे बघतच राहिलात. "तुले कुठं सापडलं वं हे?"

"पुस्तकात, सर."

"कोणी सांगितलं?"

"कोणी नाही सर. मलेच सापडलं."

तुम्ही लगेच म्हणालात, "चुकलो." छोट्या फळ्यावर 'पामीर' लिहिलंत आणि त्याखाली माझं पूर्ण नाव, आडनावासकट. आमच्या वस्तीतल्या पोरीचं आडनाव असं ठळक अक्षरांत वर्गात लागलेलं मी पहिल्यांदा पाहत होते. त्या आठ दिवसांनी मला मास्तरीण केलं. आज प्रताप नगरच्या शाळेत मी उभी आहे ती त्या फळ्याच्या जोरावर. हे तुम्ही असताना कधी बोलले नाही, आणि त्याची खंत वाटते.

पुढच्या महिन्यात तुम्ही शाळेच्या वाचनालयाची फाटकी पुस्तकं बांधायला माझ्या बाबांकडे आलात. शाळेमागच्या गल्लीतलं त्यांचं बाइंडिंगचं दुकान, खळीचा आंबूस वास, पुठ्ठ्यांचे गठ्ठे. मी तिथंच पानं लावत बसले आहे. तुम्ही बाबांना म्हणता, "पोरगी हुशार आहे हो तुमची. माझी चूक पकडली तिनं." बाबा माझ्याकडे पाहतात. मी मान वर करत नाही. "हो जी," बाबा म्हणतात, "वाचते ती." आणि दाभण पुन्हा पुठ्ठ्यात घालतात. जाताना तुम्ही तुमचा जुना नकाशासंग्रह मला देऊन गेलात. बाबांनी त्याला नवी पाठ लावून दिली. तो अजून माझ्याकडे आहे.

आज मधल्या सुटीनंतर मी वर्गात गेले आणि म्हटलं, "चुकले मी." माझ्याही वर्गात दाराजवळ छोटा फळा आहे, तुमचं पाहूनच लावलेला. त्यावर त्या मुलीचं नाव लिहायला लागले तर ती धावत पुढे आली. "मॅडम, माझं नका लिहू. मले कुठं माहीत होतं! मम्मीनं सांगितलं. ती स्पर्धा परीक्षेचा अभ्यास करून राहिली ना. तिचं लिहा." मी तिच्या आईचं नाव लिहिलं, मुलांना नकाशा भरायला दिला आणि तास संपेपर्यंत खुर्चीत बसून राहिले.

सर, तुम्ही पामीर शिकवलात त्या दिवसांत एका मोठ्या कोशाचे सुटे फर्मे, म्हणजे न शिवलेल्या छापील पानांचे जुडगे, बाबांकडे बांधायला आले होते. बाबा शिवता शिवता वाचायचे. पामीरचं पान त्यांनीच हातात दिलं आणि म्हणाले, "हे पाह्य. उद्या सांगजो तुह्या सरले." मी फक्त पाठ केलं. बाबाही आता नाहीत. हे पत्र मी तुमच्या नकाशासंग्रहात, आशियाच्या पानात ठेवते आहे. त्या फळ्यावर त्यांचं नाव हवं होतं, आणि दुकानात तुम्ही समोर उभे असताना हे सांगायला मला एक वाक्य पुरलं असतं.