लिंकलेटरांचा मंगळवार

ॲबर्डीन, ७ नोव्हेंबर १९९९

ती. इंगाताईस, धाकट्या एर्लेंडचा सा. न. वि. वि.

तुझं पत्र आणि चीज दोन्ही पोचलं. चीज संपलं, पत्र मात्र घशाखाली उतरेना. करखात्याची नोटीस सिगर्डदाजींच्या नावाने येते, आणि तू ती हवापाण्याच्या बातमीसारखी कळवतेस! दाजींना जाऊन दोन वर्षं झाली, तरी धंद्यात कागदोपत्री ते अजून भागीदार कसे? महिनाअखेर दुरुस्ती झाली नाही तर दंडापायी चीजघर विकावं लागेल, हे तूच लिहिलंस.

मी एडिंबराला चार्टर्ड अकाउंटंटांच्या संस्थेत फोन केला. तुझे हिशेब बघणाऱ्या लिंकलेटरांचं नाव त्यांच्या यादीत नाही, कधी नव्हतंच. आपल्याकडे कोणीही उठून दारावर अकाउंटंट म्हणून पाटी लावू शकतो, त्याला मनाई नाही. म्हणून तर आपण विचारून घ्यायचं असतं, बाई! कर्कवॉलमधल्या यादीतल्या तिघांचे पत्ते सोबत आहेत. सभासद क्रमांक विचार, गाईगुरांच्या धंद्याची कामं केलीत का विचार, फी आधी लिहून घे. आणि नुसत्या गोड बोलण्यावर भाळू नकोस.

मीच आलो असतो, पण इथे कामाचा रगाडा आहे. रागावलीस तरी लोभ तेवढाच ठेव.

तुझा एर्लेंड

स्कारहोम, १५ नोव्हेंबर

चि. एर्लेंडास अ. आ.

लिंकलेटरांकडे सनद नाही, हे मला बारा वर्षांपासून ठाऊक आहे, शहाण्या. पण ते महिन्याच्या पहिल्या मंगळवारी सकाळच्या बोटीने बेटावर येतात, आणि परतीची बोट चारशिवाय नाही. कागद तासाभरात आटोपतात. मग ते सूप पितात, आपल्या मेलेल्या कुत्र्याच्या त्याच त्या गोष्टी सांगतात, मीही त्या नव्याने ऐकते. चारपर्यंत घरात माणसाचा आवाज असतो. बाकीचे दिवस मी गाईंशी बोलते. त्या तुझ्यासारखं उलट बोलत नाहीत, एवढं बरं.

आणि तुझ्या दाजींचं नाव राहिलं ती लिंकलेटरांची चूक नव्हे. मीच म्हटलं, यंदा राहू द्या. त्यांनी चष्मा पुसला आणि राहू दिलं. दुसऱ्या वर्षीही तसंच. दोन नावं लिहिलेल्या कागदावर सही करताना मला एकटं वाटत नसे, झालं.

पुढच्या आठवड्यात कर्कवॉलला जाते. स्वतःला जप, आणि या म्हातारीवर माया असू दे.

तुझी ताई

ॲबर्डीन, २० नोव्हेंबर

ती. ताईस सा. न.

मागचं पत्र रागात लिहिलं, चुकलं माझं. पण लिंकलेटरांच्या भिडस्तपणाची झळ तुलाच बसतेय ना? तुला नाही म्हणेल असा अकाउंटंट निवड. चीजघर गेलं तर गाईही जातील, मग बोलशील कुणाशी? नाताळात यायचं बघतो, पण नक्की सांगत नाही. माया कमी करू नकोस.

एर्लेंड

स्कारहोम, ९ डिसेंबर

चि. एर्लेंडास अ. आ.

निवडली बाबा एकदाची. पहिला सारखा घड्याळ बघत होता. दुसऱ्याने गाय फक्त चित्रात पाहिली असावी. तिसऱ्या त्या मारविकबाई. क्रमांक न विचारताच दाखवला, आणि पहिलाच प्रश्न, सिगर्ड कोणत्या तारखेला गेले. मी म्हटलं, यंदाचं वर्ष राहू द्या ना नाव. त्या पाणी घेऊन आल्या, शेजारी बसल्या, आणि नाही म्हणाल्या. गेलेल्या माणसाच्या नावाचा कागद त्या पाठवणार नाहीत म्हणजे नाहीत. मी तिथेच रडले, आणि तिथेच ठरवलं की हीच. कागद मुदतीत गेले. चीजघर वाचलं.

आता सगळं टपालाने नि फोनवर होतं. बाईंना इथे यायची गरजच नाही.

लिंकलेटरांना फोनवर सांगितलं. योग्यच केलंत म्हणाले. मग म्हणाले, त्यांनी धंदा सहा वर्षांपूर्वीच बंद केला होता, माझं एकच काम ठेवलं होतं. मी म्हटलं, मग सूप प्यायला या की. तर म्हणे, कामाशिवाय कसं यायचं.

परवा पहिला मंगळवार होता. सवयीने सूप दोघांचं झालं. बोट आली, पेंडीची पोती उतरली, माणूस कोणी उतरलं नाही.

नाताळचं जमलं नाही तरी सोबत जानेवारीचं बोटीचं वेळापत्रक ठेवते आहे. मंगळवारी सकाळी आलास तर चारपर्यंत तुला परत जाता येणार नाही. यायला कामच लागत असेल तर कळव, एखादं काढून ठेवते.

पत्रातून लोभ पुष्कळ झाला, आता तो स्वतः घेऊन ये.

तुझी ताई