सिव्चो आणि गडूभर पाणी

बुकोवो,
ता. १२ जानेवारी २०२४

चि. नेवेनास, अ. आ.

तुझी कन्या सुखरूप पोचली. आल्या आल्या तिने माझ्या कोबीच्या लोणच्याची अर्धी बरणी फस्त केली, म्हणजे तब्येत ठणठणीत आहे. फोनवर मला तुझ्या 'हॅलो'च्या पुढचं काही ऐकू येत नाही, म्हणून हे पत्र नेहमीप्रमाणे बसवाल्या स्टामेनच्या हाती देतोय.

आता खुशखबर. रालित्साला चेपेलारेच्या बालवाडीत मदतनीस म्हणून घेतलंय, एक फेब्रुवारीपासून. अट एवढीच की सकाळी सातला हजर पाहिजे, नाहीतर जागा दुसरीला. स्टामेनची बस आठला पोचते, तोवर तिथल्या पोरांचा नाश्ता उरकलेला असतो. मी तोडगा काढलाय. सिव्चो तिला देऊन टाकतो.

तू नाक मुरडशील हे ठाऊक आहे. पण पस्तीस वर्षांत या गाडीला एक ओरखडा नाही. माझ्या वडिलांच्या करड्या गाढवाचं नाव तिला उगाच ठेवलेलं नाही, तेही असंच इमानी होतं. हल्लीच्या गाड्यांचा पत्रा बोटाने दाबला तरी पोचा पडतो. सिव्चोचा पत्रा बघ, तवा आहे तवा. लायसन्स पोरीने तुमच्या शहरात काढलंय, गाडी चालवायला मी शिकवीन.

जावईबापूंना नमस्कार. उत्तरात रागावशीलच, पण आधी खुशाली लिही.

तुझा,
बाबा

प्लोवदिव,
ता. १६ जानेवारी

ती. बाबांस,
सा. न. वि. वि.

खुशाली: इकडे सगळे मजेत. आता रागावते.

तुम्ही चाळीस वर्षं घाटात बस चालवलीत. तुमच्या पोरीच्या पोरीला लायसन्स मिळून चार महिने झालेत. सिव्चोत एअरबॅग नाही. निसरड्यावर ब्रेक दाबला की चाकं जाम होतात आणि गाडी वाटेल तिकडे घसरत जाते. सीटच्या पट्ट्याचं कुलूप मनात आलं तर लागतं. तुमच्या हाती जे निभावलं ते तिच्या हाती निभावेल कशावरून? आणि पत्रा जाड असला की पत्रा शाबूत राहतो, बाबा. आतल्या माणसाचं काय?

नोकरी तिला मिळायलाच हवी. तिची धडपड मी बघितलीये. मी काहीतरी बघते, थोडा धीर धरा.

मला सिव्चोचा दुस्वास आहे असं समजू नका. माझ्या लहानपणीची सगळ्यात लाडकी आठवण त्याच गाडीतली आहे. मी सहा वर्षांची होते, बर्फ पडलेला होता आणि रोझेन घाटाच्या उतारावर तुम्ही अचानक नदीकाठी गाडी उभी केलीत. म्हणालात, चल, मासे बघू. मासा एकही दिसला नाही. आपण अर्धा तास बसून राहिलो, आईने बांधून दिलेली चीजची अख्खी बानित्सा मी एकटीने खाल्ली, तुमच्या वाटचीसुद्धा. तुमच्या डोळ्यांतून पाणी येत होतं आणि तुम्ही म्हणालात वारा झोंबतोय. कामाच्या दिवशी बापाने पोरीसाठी एवढा वेळ काढावा, याचं मला अजून अप्रूप आहे.

तेव्हा गाडीवर माया आहे. पण चावी देऊ नका.

तुमची लाडकी आणि हट्टी,
नेवेना

बुकोवो,
ता. २२ जानेवारी

प्रिय आईस,
सा. न.

आधी शेवट सांगते म्हणजे तू घाबरणार नाहीस. मी बरी आहे. कपाळावर एक टेंगूळ आहे, त्यावर आजोबांनी राकियाची पट्टी ठेवली आणि बाटलीत उरलेली स्वतः घेतली.

झालं असं की तुझं पत्र पोचलं, आजोबांनी ते दोनदा वाचलं आणि म्हणाले, शहरात राहून नेवेना भित्री झालीये. काल सकाळी त्यांनी मला चावी दिली. पहिली फेरी म्हटल्यावर रीत पाळायला हवी, वाट पाण्यासारखी सुरळीत वाहावी म्हणून त्यांनी तांब्याचा गडू भरून गाडीपुढे पाणी ओतलं. अगदी फाटकाच्या उतारावर, हात न आखडता. मग टोपी विसरली म्हणून मी घरात गेले, टोपी सापडेना, पाच-सात मिनिटं गेली. बाहेर थंडी उणे बारा.

आई, तू ओळखलंसच. पाण्याचा काचेसारखा बर्फ झाला होता. मी अगदी पायी चालण्याच्या वेगाने निघाले, फाटकाशी ब्रेक दाबला, चाकं जाम झाली आणि सिव्चो आरामात, मान डोलवत, जाऊन फाटकाबाहेरच्या झाडावर आदळला. पट्टा लावलेला होता, तो ऐनवेळी सुटला. सिव्चोला ओरखडा नाही, आजोबांचं खरं झालं. जे काय झालं ते माझ्या कपाळाला.

मला हसू येत होतं. पण आजोबा हसले नाहीत. दिवसभर सारखे फाटकाशी जाऊन त्या घसरलेल्या खुणा बघत होते. त्यांना रागावू नकोस. आणि एक फेब्रुवारीला दहाच दिवस उरलेत, मला काळजी लागून राहिलीये.

तुझी,
रालित्सा

बुकोवो,
ता. २३ जानेवारी

चि. नेवेनास, अ. आ.

पोरीने लिहिलं असेलच. मी वेगळं लिहायला बसलोय.

मासे बघायला मी थांबलो नव्हतो, बाळा. रोझेनच्या उतारावर मी ब्रेक दाबला आणि चाकं जाम झाली. गाडी आडवी फिरून नदीच्या काठाकडे गेली. पुढचं चाक काठापासून वीतभर अंतरावर थांबलं. सिव्चो थांबला की देवाने थांबवला, मला माहीत नाही. मी तर नक्कीच थांबवला नाही. तू मागच्या सीटवर होतीस, पट्टाही नव्हता तिथे. अर्धा तास मी बसलो कारण पुन्हा गाडी चालवायची माझी हिंमत नव्हती. बानित्सा सगळी तुझ्याकडेच सरकवली.

तुझ्या आईलाही कधी सांगितलं नाही. ओरखडा नाही, ओरखडा नाही असं पस्तीस वर्षं सगळ्यांना सांगत राहिलो आणि शेवटी माझाच त्यावर विश्वास बसला. परवा गाडी झाडाकडे घसरत गेली आणि आत तू बसलेली दिसलीस.

भित्री तू नव्हतीस. चावी मी तुझ्या आईच्या शिवणाच्या डब्यात टाकलीये. सिव्चो आता कोंबड्यांना देतो, त्यांना कुठे जायचं नसतं.

तुझी आठवण मी मोडली असेन तर माफ कर.

बाबा

प्लोवदिव,
ता. २५ जानेवारी

ती. बाबांस,
सा. न. वि. वि.

तुमचं पत्र स्वयंपाकघरात उभ्यानेच वाचलं आणि मग खुर्चीत बसले. खूप रडले, हे लपवत नाही.

शनिवारी येतेय, माझ्याच गाडीने. ती बारा वर्षांची आहे, नवी नाही, पण तिच्यात सहा एअरबॅग आहेत आणि निसरड्यावर ब्रेक दाबला तरी चाकं जाम होत नाहीत. ती रालित्साकडे ठेवून मी स्टामेनच्या बसने परत येईन. इथे शहरात मला बस आहे. एक तारखेपर्यंत तिला रोज रोझेनवर शिकवायचं काम तुमचं, कारण एअरबॅगला घाट कळत नाही आणि तुम्हाला कळतो.

एक तारखेला ती निघेल तेव्हा पाणी जरूर ओता. फक्त गाडी फाटकाबाहेर गेल्यावर, आणि गडूत मूठभर मीठ टाकून.

आठवण मोडली नाही, बाबा. बापाने माझ्यासाठी अर्धा तास काढला असं मला वाटायचं. त्या अर्ध्या तासात तुमच्या मनात काय चाललं होतं ते आता कळलं, आणि तरी तुम्ही मला मासेच दाखवत बसलात.

येताना बानित्सा आणतेय. आल्यावर तुम्हाला घेऊन आधी नदीकाठच्या त्या वळणावर जाऊ. या वेळी तुमचा वाटा तुम्ही खायचा आहे.

तुमचीच,
नेवेना