आधी डबे, मग गाडी

नाना,

लेझर लागला आणि जळला नाही! तुम्ही झोपला होतात, म्हणून उठवलं नाही.

काल जेवता जेवता मी उठून आत गेले, ते रुसून नव्हे. ड्रायव्हर चालू करून लेझर जोडला की जळतो, दोन गेले, असं मी सांगत होते आणि तुम्ही, रेल्वेचे जुने ड्रायव्हर, हसून म्हणालात, "माय, आमनाकडे आधी डबा जोडतस, मंग गाडी सुटस. तुना ड्रायव्हर उलटा शे का?"

उलटाच होता! लेझरच्या छोट्या सर्किटलाही ड्रायव्हर म्हणतात. बॅटरीची वीज तो बेताने, एकसारखी पुढे सोडतो. मी त्याला आधी चालू करायचे आणि लेझर मागून जोडायचे. पुढे काहीच नसलं की वीज त्याच्यात साठते, आणि लेझर जोडताक्षणी सगळी एकदम लेझरच्या अंगावर येते. उरलेला शेवटचा लेझर मी आधी जोडला, मग बटण दाबलं. भिंतीवर लाल ठिपका, अगदी स्थिर!

तोच घेऊन जळगावच्या कॉलेजात निघाले आहे. आज वर्गात शिकवून दाखवायचं आहे, नोकरी त्यावरच ठरेल. यांना अजून सांगितलेलं नाही. ड्यूटीवरून आले की तुम्हीच सांगा, तुमचं ऐकतात.

ज्वारी-उडदाच्या कळण्याच्या भाकरी टोपल्यात झाकून ठेवल्या आहेत.

ड्रायव्हर म्हणजे काय ते समजावताना फळ्यावर आधी तुमचं इंजिन काढणार आहे. डबे जोडलेलं.

दिपमाला