यावेळी नको

३ मार्च
अखेर रुजू झाले! मुलांच्या हृदयविभागात समन्वयक. नाव भारदस्त, काम फोन उचलण्याचं. कुठल्या तरी दवाखान्यात एखाद्या मुलाचा मेंदू मरतो, हृदय तेवढं चालू असतं. आईबाप छातीवर दगड ठेवून ते द्यायला तयार होतात आणि आमचा फोन वाजतो. मी माहिती घेऊन थोरल्या डॉक्टरांकडे पळायचं, ते हो किंवा नको म्हणणार, मी तिकडे कळवायचं. नकार कसा द्यायचा तेही आधीच्या बाईंनी जाताजाता शिकवलं: आभारी आहोत, यावेळी नको. बस्स. आवाज गोड ठेवायचा आणि लगेच फोन ठेवायचा. आणि नकाराची गोष्ट इथल्या आईबापांच्या कानावर घालायची नाही, उगाच त्यांच्या जिवाला घोर.

खोली झकास आहे, भरपूर ऊन. दारासमोरच्या लांब बाकावर पोरं बसलेली असतात, कुणाकुणाची भावंडं असावीत. एवढं उकडतंय तरी शर्टाची बटणं गळ्यापर्यंत लावलेली. मी डोळे मिचकावले, तोंड वाकडं करून दाखवलं, एकही हसलं नाही. हसतील हळूहळू. मी दगडालाही बोलतं करते, असं आमचे हे म्हणतात.

५ मार्च
पहिल्या खाटेवरच्या सहा वर्षांच्या मुलीला इथे सगळे राणीसरकार म्हणतात. तिचं हृदय निकामी झालंय, खाटेशेजारचा पंप तिचं रक्त फिरवतो. पोटातून जाड नळ्या निघाल्यात, पण हुकूम काही थांबत नाहीत. उशी वर करा, गोष्ट सांगा, ही नको, दुसरी सांगा. नवी बाई फार बोलते, असा शेरा तिने माझ्यासमोरच आईजवळ मारला. आई खुर्चीतच राहते, खुर्चीतच झोपते. पंपाचा आवाज जरा बदलला की दचकून उठते.

थोरले डॉक्टर म्हणाले की पंपावर फार काळ ठेवणं बरं नाही. रक्तात गुठळी होऊन मेंदूत गेली की सगळं संपलं. त्याआधी हृदय मिळायला हवं. मिळेलच. ही पोर मला फार आवडली आहे.

९ मार्च
पहिला फोन! सायकलवरून पडलेला मुलगा, रक्तगट जुळणारा, मापही जुळणारं. मी जवळजवळ उड्या मारतच डॉक्टरांकडे गेले. त्यांनी सगळं नीट वाचलं आणि मान हलवली. अपघातानंतर ते हृदय काही वेळ थांबलं होतं, म्हणून नको. मी वाद घातला. तेव्हा त्यांनी सांगितलं की मागे असंच एक हृदय घेतलं होतं आणि मूल टेबलावरच गेलं. दुधाने तोंड पोळलेला माणूस ताकही फुंकून पितो. याहून चांगलं येईल, म्हणाले. माणूस वाईट नाही.

मी फोनवर ते वाक्य म्हटलं. पलीकडच्या बाई हळूच म्हणाल्या की मुलाची आई इथे माझ्या शेजारीच उभी आहे. मी फोन ठेवला.

बाहेर आले तर पोरं थोडी सरकून बसली होती. टोकाला एक नवा मुलगा होता. त्याचं कोपर सोललं होतं.

१० मार्च
सिस्टरांना सहज विचारलं. भावंडांना या मजल्यावर येऊच देत नाहीत, म्हणाल्या. मग बाकावर कोण बसतं? त्यांनी बाकाकडे पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं आणि विचारलं की मी वेळेवर जेवते ना.

१४ मार्च
पुन्हा फोन, पुन्हा नकार. मुलगी होती, डोक्याचं ऑपरेशन होऊनही वाचली नाही. हृदय थोडं मोठं होतं. मी गोड आवाजात सांगितलं. बाकावर आता अर्धं डोकं भादरलेली एक मुलगी आहे. मी भिंतीकडे तोंड करून निघून गेले. मला भीती वाटते.

दुपारी राणीसरकारांनी जवळ बोलावलं. बाकावरची मुलं तिच्याशी बोलतात म्हणे. नवी दोघं तर तिच्यासाठीच आली होती, पण एका बाईने फोनवरून परत पाठवलं. त्या बाईची नक्कलही तिने करून दाखवली. हुबेहूब मी.

१५ मार्च
नियम गेला खड्ड्यात. तिच्या आईला सगळे नकार सांगून टाकले. पोरांचं मात्र सांगितलं नाही. ती थेट डॉक्टरांच्या खोलीत शिरली. तिचा आवाज वॉर्डभर ऐकू आला. माझ्या लेकीचं मरण तुम्ही परस्पर ठरवता, असं म्हणत होती. शेवटी डॉक्टरांनी कबूल केलं: यापुढे आईला विचारूनच ठरेल. हुश्श. आता ती हो म्हणेल. बाकावर कुणी येणार नाही.

२१ मार्च
बुडालेलं मूल. हृदय चांगलं, एक झडप जराशी गळते. या वेळी डॉक्टर स्वतः घ्यायच्या बाजूचे होते. आईने विचारलं की तुमची मुलगी असती तर? ते म्हणाले की मला सांगता येणार नाही.

नेमकी आज राणीसरकार खुशीत होती. खिदळत होती. आई तिच्याकडे बघत राहिली. हसत्या पोरीला आजच टेबलावर कशी पाठवू, म्हणाली. थोडं थांबू. याहून चांगलं येईल.

तिच्या तोंडून डॉक्टरांचेच शब्द. फोन केला.

बाकाखाली पाणी साचलंय. दाटी झाली आहे.

२४ मार्च
राणीसरकारने आज एकही हुकूम सोडला नाही. मला एवढंच सांगितलं की मुलं तिच्यासाठी बाकावर जागा धरून बसली आहेत. आता फोन वाजू दे, कसलंही हृदय असू दे. फोन वाजत नाही —

२६ मार्च
गुठळी. आई केस विंचरत होती. बोलता बोलता पोरीचा एक डोळा फिरला —
दोनदा तपासलं. मेंदूत काही उरलं नाही. आता जगातलं सगळ्यात चांगलं हृदय आलं तरी —

२७ मार्च
आई स्वतः आली. म्हणाली, किडन्या द्या, डोळे द्या, कुणाचं तरी पोर वाचेल. फोन मीच करायचा.

दुसऱ्या दवाखान्याला केला. वय सहा. रक्तगट. पंपावर होती. पलीकडे थांबायला सांगितलं. आई माझ्या शेजारीच उभी.

मग उत्तर आलं. गोड आवाज. माझा. माझाच — आभारी आहोत, यावेळी —

आई विचारतेय काय म्हणाले. मी लिहितेय, म्हणजे वर बघावं लागत नाही. ती पुन्हा विचारतेय.

दार उघडं आहे. पोरं सरकली. राणीसरकार बसली आहे, बटणं गळ्यापर्यंत. माझ्याकडे बोट करून विचारतेय की, बाई, मग मी आता कुठे —